कपाशीचे रान आणि ग्रुपची कड

यवतमाळकडे चौफुलीवर लावलेल्या कपाशीत उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून डवरणी करता येते. असे रान अमर्याद आहे असे धरा. झाडागणिक एक पाऊल या हिशेबाने एका झाडापासून दहा पावलांत 221 झाडे गाठता येतात. त्यांतली कडेची फक्त 40. टापू वाढवत नेला की कडेचा वाटा शून्याकडे जातो. गणितातल्या ‘ग्रुप’चे घटक म्हणजे अशी झाडे आणि त्याचे जनक म्हणजे पावलांच्या दिशा; ज्या ग्रुपमध्ये कडेचा वाटा हवा तितका लहान असलेले सांत तुकडे सापडतात तो ‘अमेनेबल’. मूळ कल्पना गणितज्ञ फॉन नॉयमनची, 1929 मधली.

आता वेगवेगळ्या वाटा पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत, असे समजा. हा दोन जनकांचा मुक्त ग्रुप. दहा पावलांत 1,18,097 जागा, त्यांतल्या 78,732 कडेवर! कोणताही सांत तुकडा घेतला तरी कड मोठीच राहते. म्हणून तो अमेनेबल नाही.

पावलांगणिक गाठता येणाऱ्या जागांची वाढ घातांकीहून मंद असेल तर ग्रुप अमेनेबल असतोच. उलट मात्र खरे नाही: ‘लॅम्पलायटर’ ग्रुप घातांकी वेगाने वाढतो, तरी अमेनेबल आहे. बहुपदी आणि घातांकी यांच्या मधली वाढ असते का, असे मिल्नरने 1968 मध्ये विचारले होते. ग्रिगोर्चुकने 1980च्या दशकात तसा ग्रुप दाखवून दिला.