ट्रॅक्टरमागील उसाच्या ट्रॉल्या : ओढण्याचा हिशेब व रोखण्याचा हिशेब

दिवाळी सरून कारखान्यांची गव्हाण सुरू झाली की आमच्याकडे येणाऱ्या शेतकरी बंधूंच्या विचारणांत एक प्रश्न हटकून असतो : ‘पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ओढील काय?’ विचारणारे बहुधा नवा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याशी वाहतुकीचा करार करण्याच्या बेतात असतात. एका खेपेत जितका ऊस अधिक, तितका हप्ता लवकर फिटेल, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. त्यांस आमचे उत्तर असे की, ओढील. सपाट व पक्क्या सडकेवर, हलक्या गिअरात, तो वीस टनही ओढील. परंतु एवढे ओझे एकदा चालू लागल्यावर तोच ट्रॅक्टर ते रोखील काय, हा खरा विचारावयाचा प्रश्न असून तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आपण हिशेब करूनच पाहू. अशा ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे २ टन. त्याचे ब्रेक केवळ मागच्या दोन चाकांना असतात. पुढची चाके वळण देतात, थांबवीत नाहीत. मागच्या चाकांवर एकंदर वजनापैकी सव्वा टनाच्या आसपास भार येतो. मागे दोन ट्रॉल्या व ऊस मिळून २० टन धरा. ट्रॉल्यांना ब्रेक बहुधा नसतात, आणि असले तरी त्यांची नळी कोणी जोडलेली आमच्या पाहण्यात क्वचितच येते. आता वीस फुटांस एक फूट असा उतार लागला. हा काही घाट नव्हे. ओढ्याच्या मोरीकडे उतरणारे कितीतरी शिवाररस्ते एवढे उतरते असतात. ह्या उतारावर २० टनांचे ओझे १ टन जोराने ट्रॅक्टरला मागून ढकलू लागते. त्यापैकी तिसरा हिस्सा किंवा किंचित अधिक चाकांच्या फिरण्यातच जिरतो असे समजू. उरलेला सहा-साडेसहाशे किलोंचा रेटा ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी आवरावयाचा आहे. सुट्या मुरुमावर रबरी चाकाची पकड त्यावरील भाराच्या निम्म्याहून फारशी अधिक नसते, म्हणजे तीही सहाशे किलोंच्याच घरात. जमा आणि खर्च येथेच बरोबर झाले. समोर अकस्मात म्हैस किंवा मोटारसायकल आली तर थांबण्याकरिता शिल्लक अशी काही उरलीच नाही. त्यात रस्ता ओला असेल तर उघड तूटच. ब्रेक दाबताच चाके अडकतात आणि फरफटत पुढे जातात. मागाहून चालक सांगतो की ब्रेक लागला नाही. ब्रेक लागलेला असतो. जमिनीने चाक धरलेले नसते.

वेगाचा हिशेब ह्याहून कठोर आहे. चालत्या ओझ्याच्या अंगचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरच्या जागी ३० किलोमीटरने हाकल्यास चालकास वाटते की आपण दीडपट वेगाने चाललो; पण थांबविण्याचे काम सव्वादोनपट झालेले असते.

इतर देशांत हा विचार कायद्याने करावयास लाविला आहे. ब्रिटनमध्ये मोटारीमागे जोडावयाच्या ट्रेलरचे भारासहित वजन ७५० किलोंच्या वर ठरले असेल, तर त्यास स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. अमेरिकेत मध्यम आकाराच्या पिकअप गाडीमागे चाकांवरचे घर जोडून कुटुंबे प्रवासास निघतात. ते घर अडीच-तीन टनांचे असते, तरी त्याच्या चाकांना विजेने चालणारे ब्रेक असतात व ते चालकाच्या हाताशी ठेविलेल्या कळीने कमी-अधिक करता येतात. ओढणारी गाडी तेथे ओझ्याच्या जवळपास बरोबरीची असूनही ही काळजी! आमच्याकडे ओझे ओढणाऱ्याच्या दहापट आणि ब्रेक नाहीत.

त्या पिकअपवाल्यांचा आणखी एक नियम आमच्या वाचकांस लागलीच पटेल, कारण तो आपल्या वाडवडिलांना पाठ होता. बैलगाडी भरताना ओझे मागे अधिक झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते व बैलांच्या गळ्यास जोताचा फास बसतो. पुढे अधिक झाले की ती धुरजड होते आणि बैलांची मान दबते. चांगला गडी हाताने जू उचलून पाहून मगच बैल जोडी. अमेरिकेतील लोक हीच गोष्ट आकड्यांत सांगतात : ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ इतका भार हुकावर यावा. त्याहून कमी आल्यास, म्हणजे ट्रेलर उलाळ असल्यास, वेगात तो शेपटासारखा डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो व अखेर ओढणाऱ्या गाडीलाही आडवी करतो.

आपल्या दोनचाकी ट्रॉलीस हे तंतोतंत लागू आहे. तिचा काही भार हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, तेणेकरून त्यांची पकड वाढते; हा तिचा गुण होय. मात्र मोळ्या चढविण्याची फळी बहुधा मागून लागते आणि अंधार पडता पडता आलेल्या शेवटच्या मोळ्या मागच्याच बाजूस उंच रचल्या जातात. गाडी उलाळ झाली हे फडात कोणास कळत नाही. सडकेवर ट्रॅक्टरचे मागचे चाक हलके झाल्यावर कळते. अशा ट्रॉलीच्या शेपटास आणखी एक दोनचाकी ट्रॉली जोडली की दुसरीचा दांडा पहिलीचे शेपूट खाली दाबतो, म्हणजे पहिली आणखी उलाळ होते. यास्तव पहिल्या ट्रॉलीत आसाच्या पुढे ऊस ठासून भरावा आणि मागची ट्रॉली पुढचीपेक्षा हलकी राखावी. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस तिच्या दांड्याबरोबर फिरतो व तिचा भार तीच वाहते; ट्रॅक्टरची पकड ती जराही वाढवीत नाही, केवळ ओढते किंवा ढकलते. उताराच्या वाटेवर ती अधिक घातक, असे आमचे मत आहे.

हुक कोठे असावा ह्याविषयी आम्हांस जो धडा मिळाला तो सांगताना संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे. चार हंगामांपूर्वी कालव्यालगतच्या आमच्या फडात पाण्याची पाळी नुकतीच होऊन गेली होती व भरलेली ट्रॉली चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतली. खालच्या दांडीला साखळी लावून ती हलेना. साखळी वर, तीन कड्यांच्या जोडणीतील वरच्या कंसाला बांध, असा हुकूम चालकास आम्हीच बांधावरून दिला. वरून ओढले म्हणजे ट्रॉली उचलून निघेल, अशी आमची कल्पना. चालकाने क्लच सोडताच मागची चाके जागीच रुतून राहिली आणि ट्रॅक्टरचे तोंड घोड्यासारखे वर उठले. पोराने प्रसंगावधान राखून त्याच क्षणी क्लच दाबला, म्हणून तोंड धाडकन खाली आले, पुढचा एक सांधा मोडला आणि एवढ्यावर निभावले. अर्धा क्षण उशीर झाला असता तर ट्रॅक्टर पाठीवर उलटून तो खाली सापडता. कारण साधे आहे. चाक अडले म्हणजे इंजिनाची ताकद चाकाऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवू पाहते. ओढ आसाच्या खालून असेल तर ती धड खाली धरून ठेवते. आसाच्या वरून असेल तर उलटविण्यास साहाय्य करते. रुतलेली ट्रॉली मोळ्या उतरवून हलकी करावी, हाच उपाय. त्या दिवशी तासाभराची मजुरी वाचविण्याकरिता आम्ही एका आईचा मुलगा पणास लाविला होता.

उताराविषयी जुने चालक सांगतात तेच खरे : जो चढ ज्या गिअरात चढाल, त्याच गिअरात तो उतरा. गिअर उताराच्या माथ्यावर, गाडी जवळजवळ थांबवून घालावा. निम्म्या उतारावर क्लच दाबून गिअर बदलू जाणे म्हणजे इंजिनाने धरलेली गाडी आपल्या हाताने सोडून देणे होय. डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जी खोड काही तरुणांस आहे, तिच्यापायी आमच्याच गावच्या एका चालकाचा पाय गुडघ्याखाली गेला. त्या मोरीच्या कठड्याला वाचलेल्या डिझेलाची किंमत पाचपन्नास रुपयेसुद्धा नव्हती. शेतात वळण घेण्याकरिता डाव्या-उजव्या ब्रेकांचे पेडल सुटे ठेवलेले असतात. सडकेवर येण्याआधी ते कडीने एकत्र जोडावेत. एकच पेडल दाबले गेल्यास ट्रॅक्टर त्या अंगास वळतो, मागचे ओझे सरळ पुढे येते व मध्ये ट्रॅक्टर चाकूच्या पात्याप्रमाणे मिटतो. आणि वाटेत कडक उतार असल्यास दुसरी ट्रॉली माथ्यावर सोडून दोन खेपांत उतरवावी. वेळ जातो, हे आम्हांस ठाऊक आहे.

वेळेचेच तर सारे दुखणे आहे. तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनात घटतो, त्यातील साखर उतरते. काट्यापुढे नंबराची रांग लागलेली असते. मुकादमाला दिलेली उचल फिटावयाची असते, आणि चालकाची कमाई खेपांवर ठरते. अशा स्थितीत पहाटे तीन वाजता डोळ्यांवर झापड आलेला चालक सावकाश हाकील, ही अपेक्षा मालकाने त्यास उपदेश करून पुरी होणार नाही. खेपेऐवजी दिवसावर मजुरी ठरवावी व रात्रीला दुसरा माणूस द्यावा. आम्ही दोन हंगाम असे करून पाहिले. खेपा थोड्या घटल्या हे खरे. टायर व सांधे ह्यांवरील खर्चही घटला.

कायद्याची बाजूही मालकानेच पाहावयाची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन असून तिची नोंदणी निराळी करावी लागते. ठरलेल्या वजनाहून अधिक भार नेल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा दंड सांगितला आहे, शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो. दंड एक वेळ परवडेल. परंतु केवळ शेतीकामाकरिता उतरविलेल्या विम्यावर भाड्याची वाहतूक करताना अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेते, आणि भरपाईचा बोजा सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचू शकतो. विम्याचा कागद हंगामापूर्वी एकदा जाणत्याकडून वाचून घ्यावा.

हुकाची खीळ आपल्या मापाचीच असावी. नांगराचा तुटका बोल्ट तिच्या जागी चालत नाही. खिळीस खालून काटपिन हवीच, आणि दांड्याखालून एक जाड साखळी सैल अशी ट्रॅक्टरला बांधलेली असावी, म्हणजे खीळ उडाली तरी ट्रॉली सुटून मागच्या माणसांवर जाणार नाही. दोन ट्रॉल्या जोडल्यावर गाडी मागे घेता येत नाही. यासाठी अरुंद वाटेत शिरण्याआधी पायी जाऊन पाहावे. उसावर बायकापोरांस बसवून नेणे अजून थांबलेले नाही. मोळ्या नुसत्या वाढ्यांच्या बंधाने बांधलेल्या असतात, व एक मोळी घसरली की तिच्यावर बसलेलेही घसरतात. कर्ण्यांतून मोठ्याने गाणी लावण्याच्या हौसेविषयी एवढेच म्हणतो की, मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू न येणारा चालक आंधळ्या बैलाहून फारसा निराळा नव्हे.

रात्रीचे अपघात बहुतेक मागून होतात. टायर फुटून ट्रॉली सडकेच्या कडेस उभी राहते, दिवा नसतो, लोंबणारी वाढी मागच्या परावर्तक पट्ट्यांवर पडलेली असतात, आणि घरी निघालेला मोटारसायकलवाला त्या काळ्या भिंतीवर आदळतो. पट्ट्या ट्रॉलीच्या चौकटीस खाली लावाव्यात व ऊस भरून झाल्यावर त्या दिसतात की नाही हे वीस पावले मागे जाऊन बॅटरीने पाहावे. बिघडलेल्या ट्रॉलीभोवती दगड मांडण्याची रीत आहे. ट्रॉली दुरुस्त होऊन जाते, दगड सडकेवर राहतात, व दुसऱ्या रात्री तेच कोणाच्या तरी चाकाखाली येतात. आम्ही आता प्रत्येक ट्रॉलीत बाभळीचे दोन ठोकळे ठेवितो. त्यांस दोरी लावून तिचे दुसरे टोक चौकटीस बांधलेले असते. ट्रॉली हलली की ठोकळे तिच्यामागे फरफटत येतात, व ते उचलावयास चालकास खाली उतरावेच लागते.