घसरगुंडीला आधी हात लावून पाहा

मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, तरी सुट्टीतल्या मुलांना राजगोपालाचारी उद्यानाची ओढ लागतेच. हवा ४२ अंशांवर असताना उन्हातली पत्र्याची घसरगुंडी ६० अंशांपुढे तापू शकते. मुलांची पातळ त्वचा तिच्यावर काही सेकंदांत भाजते. आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही, तर मुलाला बसवू नका. मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, म्हणून शरीर लवकर तापते. तहानेची वाट न पाहता पाणी पाजा. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत गेले, तर उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ला फोन करा. बागेत जावे ते सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना.