माकडाला कोड्यात टाकणारे झाड

मोबाइलवर चित्र पाहून आमच्या धाकटीने हट्ट धरला, "अम्मी, हे झाड आपल्या अंगणात हवंच." झाडाचे नाव मंकी पझल. बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत जाड, त्रिकोणी, अणकुचीदार पाने. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका बागेत ते पाहून कोणी पाहुणा म्हणाला, यावर चढायचे म्हणजे माकडालाही कोडेच! तेव्हापासून हे नाव पडले. गंमत अशी की चिली आणि अर्जेंटिनातल्या अँडीज पर्वतावर, जिथे ते मुळात वाढते, त्या जंगलात माकडे नाहीतच.

आम्ही बिया मागवल्या. एकही रुजली नाही. रुजली असती तरी काय? हे झाड बर्फ पडणाऱ्या डोंगरांवरचे, आणि चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांचा. वर्गात मुलांना हवामान शिकवणाऱ्या आम्हाला हे पैसे भरण्याआधी सुचले नाही, याची अजून शरम वाटते.

मग नर्सरीतून 'ख्रिसमस ट्री' आणले. हा त्याच अरौकेरिया कुळातला मऊ पानांचा भाऊ, मूळचा पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचा. उष्णता सोसतो, पण कोरडी लू सोसत नाही. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही कुंडी गच्चीवर ठेवली. आठ दिवसांत खालचे दोन मजले तपकिरी झाले. अशा वाळलेल्या फांद्यांच्या जागी नव्या फुटत नाहीत. झाड खालून कायमचे उघडे पडते. आता मार्च सरताना कुंडी उत्तरेकडच्या ओसरीत येते आणि भर उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत, मात्र वाऱ्याच्या झोताबाहेर. माती वरून बोटभर सुकली की पाणी घालायचे. कुंडीत साचू दिले तर मुळे कुजतात. मातीत वाळू आणि जुने शेणखत. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी, नाहीतर झाड उजेडाकडे कलते.

अब्बा म्हणत होते, भिंतीलगत जमिनीतच लावा. आम्ही नाही म्हटले. मूळ बेटावर हे झाड ५० मीटरपर्यंत जाते, आणि आमच्या अंगणावरून विजेच्या तारा गेल्या आहेत.

या झाडाचा सगळा डौल शेंड्यात. बाजूची फांदी कापून लावली तर ती आडवीच वाढत राहते, सरळ झाड होत नाही. म्हणून शेंडा जपायचा असतो. आमचा हुप्प्यांनी तोडला. छपरावरून उतरले, ओसरीत शिरले, काम झाले. त्यांना कसले कोडे पडणार!

धाकटी दोन दिवस जेवली नाही नीट. त्याच दिवाळीच्या सुटीत सिरोंच्याला नात्यातले लग्न होते. जाताना वडधमच्या जीवाश्म उद्यानात थांबलो. तिथे लाकडाचे ओंडके आहेत, पण दगडाचे. साल, गाठी नीट ओळखू येतात. या भागातल्या खडकांना शास्त्रज्ञ कोटा स्तर म्हणतात, प्राणहिता नदीकाठच्या कोटा गावावरून. वय सतरा-अठरा कोटी वर्षे. याच खडकांत डायनोसॉरची हाडे सापडली आणि अरौकेरियाच्या कुळाशी जुळणारे लाकूडही. म्हणजे ज्या झाडासाठी आम्ही चिलीकडे पाहत होतो, त्याचे नातलग इथे गडचिरोलीतच उभे होते. तेव्हा या भूमीचे हवामानच वेगळे होते.

निघताना धाकटीच्या मुठीत दगडी लाकडाचा एक तुकडा निघाला. आम्ही तिला परत पाठवले. जिथून उचलला तिथेच तिने तो ठेवला, फाटकावरच्या माणसाला स्वतः सांगून. रागावला नाही तो. म्हणाला, प्रत्येकाने एक नेला तर इथे पाटीच उरेल.

तुटलेल्या शेंड्याजवळून आता दोन कोंब निघालेत. शेजारच्या खाला म्हणतात, एक कापा, नाहीतर झाड दुभंगेल. बरोबर आहे त्यांचे. पण कोणता, हे धाकटीचे ठरत नाही. तिने पावसाळ्यापर्यंत मुदत मागितली आहे.