सभागृहाचा तंत्रज्ञ

कार्यक्रम निर्विघ्न पार पडला, की आभारप्रदर्शनात मंडपापासून अल्पोपाहारापर्यंत सर्वांचा उल्लेख होतो. माईक सांभाळणाऱ्याची आठवण मात्र माईक बंद पडला तरच होते. महाविद्यालये, रुग्णालये, मोठी कार्यालये यांत आता असा माणूस कायम सेवेत असतो. त्याला दृक्‌श्राव्य तंत्रज्ञ म्हणतात. या शाळेतून बाहेर पडून मी हाच व्यवसाय पत्करला. ‘म्हणजे माईकवालाच ना?’ हा नातेवाइकांचा प्रश्न माझ्या परिचयाचा आहे. म्हणून या कामाचे स्वरूप थोडे विस्ताराने मांडावेसे वाटते.

भाड्याची यंत्रणा एका दिवसासाठी येते आणि आवाज वाढवून निघून जाते. संस्थेच्या तंत्रज्ञाला तेच सभागृह वर्षभर सांभाळायचे असते. त्यामुळे यंत्रांइतकीच त्याला ती वास्तूही ओळखावी लागते. भिंती, छत आणि फरशी यांवरून आवाज परतत राहतो आणि एक शब्द विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर येऊन आदळतो. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात नेमके हेच घडत होते. तेथील तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांनी मोजले, तेव्हा रिकाम्या दालनात आवाज सुमारे ५.५ सेकंद घुमत असल्याचे आढळले. विद्यापीठाच्याच नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, मांडून, पुनःपुन्हा मोजून त्यांनी या घुमण्याचे गणित बसवले. माणसांचे शरीर आणि कपडेही आवाज शोषतात. म्हणून सकाळी रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज सभा भरल्यावर पुन्हा जुळवावा लागतो. पत्र्याचे छत आणि शहाबादी फरशी असलेल्या आपल्याकडच्या सभागृहांत आवाज वाढवणे हा उपाय नसून पुष्कळदा तोच रोग असतो. तेथे जाड पडदे नव्या स्पीकरपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. लांबट सभागृहात मागे वेगळे स्पीकर बसवले, तर त्यांतून शब्द तत्काळ उमटतो आणि मंचाजवळच्या स्पीकरचा तोच शब्द मागाहून पोहोचतो. १७ मीटर अंतराला हा फरक सेकंदाचा विसावा भाग होतो आणि तेवढ्यानेही बोलणे दुहेरी ऐकू येऊ लागते. म्हणून मागच्या स्पीकरना मुद्दाम तेवढा उशीर द्यायचा असतो. शिट्टीचे कारणही साधेच आहे: स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र थांबत नाही. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवणे आणि वक्त्याने माईक तोंडाजवळ धरणे, एवढ्याने बहुतेक शिट्ट्या थांबतात. काही वक्ते माईकची जाळीच मुठीत धरतात. त्यामुळे माईक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो व शिट्टी वाढते. (हे मंचावर जाऊन एखाद्या मान्यवरांना सांगणे, हा या नोकरीतला सर्वांत नाजूक भाग.)

याहून गंभीर बाब अर्थिंगची आहे. श्रद्धांजलीच्या २ मिनिटांच्या शांततेत स्पीकरमधून जो ‘हूं’ असा सूर ऐकू येतो, तो बहुधा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यातून आलेला असतो. लॅपटॉप एका सॉकेटवर आणि मिक्सर दूरच्या दुसऱ्या सॉकेटवर असला, की अर्थिंगच्या दोन वाटांमुळे तो शिरकाव करतो. तो घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ही रीत जीवघेणी आहे. बिघाड होऊन यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर माईक धरलेल्या माणसाच्या शरीरातून ती जमिनीकडे जाऊ शकते. आणि आपल्या कार्यक्रमांत माईक धरणारे ते अनेकदा शाळकरी मूल असते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत किंवा ध्वनीच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा.

उरलेला दिवस प्रोजेक्टर, बिनतारी माईकचे सेल आणि पाहुण्यांचे लॅपटॉप यांत जातो. दहावीनंतर आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा २ वर्षांचा अभ्यासक्रम, अथवा इलेक्ट्रॉनिक्सची ३ वर्षांची पदविका, यांतून या कामाकडे वाट जाते. ध्वनी व चित्र आता नेटवर्कच्या केबलमधूनही जात असल्याने संगणकांच्या नेटवर्कचे ज्ञानही हवे. ज्या विद्यार्थ्यांना गोडी असेल, त्यांनी शाळेच्या कपाटातील नादुरुस्त केबली बाजूला काढून ठेवाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत सोल्डरिंग शिकवायला मी येतो आहे.