माणिक : अंगठीसाठी निवड
कुरुविंद या खनिजाचा लाल रत्नप्रकार. हे ॲल्युमिनियम ऑक्साइड असून क्रोमियमाच्या अल्पांशामुळे त्याला लाल रंग येतो. कठिनता ९, वि. गु. सु. ४. अंगठीतील खड्याला सतत घर्षण सोसावे लागते, म्हणून कठीण माणिक तिच्यासाठी योग्य ठरते. खडा सुटा असतानाच पारखणे इष्ट असते; कारण बंद कोंदणात त्याची मागील बाजू दिसत नाही व नेमके वजन (१ कॅरट = ०.२ ग्रॅ.) काढता येत नाही. केवळ रंगावर विसंबता येत नाही. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे वस्तुतः स्पिनेल आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने बनविलेल्या कृत्रिम माणकांत भिंगाखाली वक्र रेषा व वायूचे बुडबुडे दिसतात; नैसर्गिक माणकांत पुष्कळदा रूटाइलाच्या सूक्ष्म सुया आढळतात. तापवून सुधारलेला रंग टिकाऊ असतो. मात्र भेगांत शिसेयुक्त काच भरलेला खडा सोनाराच्या ज्योतीने किंवा अम्लाने बिघडतो. यास्तव खड्यावर केलेल्या प्रक्रियेची विक्रेत्याकडून लेखी नोंद घ्यावी आणि खडा मौल्यवान असल्यास कोंदणात बसविण्यापूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.