पाहुणा गल्लीत आला, दुकानात येईल का?

रविवारी सकाळी वडाळा रोड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून पाच बगीच्यांकडे चालत जावे, तर हल्ली एक नवा प्रकार दिसतो. पंधरा-वीस जणांचा घोळका एखाद्या जुन्या इमारतीसमोर उभा असतो. एक जण बोलत असतो आणि बाकीचे मान वर करून गॅलरीचे कठडे, जिन्याच्या खिडक्या, दरवाजावरची नक्षी पाहत असतात. ही मंडळी विकत घेणारी नाहीत, भाड्याने जागा शोधणारीही नाहीत. दुसऱ्यांची घरे आणि रस्ते बघण्यासाठी ती पैसे मोजून आलेली असतात. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. जिथे लोक पैसे मोजतात तिथे काय माल विकला जातो, हे पाहण्याची आम्हाला सवय आहे. म्हणून या विषयावर व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी चार गोष्टी लिहीत आहोत.

आधी आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाट वस्त्यांत माणसे पटापट मेली, तेव्हा सरकारने १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दादर, माटुंगा, वडाळा या भागातील शेतजमिनी आणि मोकळ्या जागा या ट्रस्टने आखून दिल्या, म्हणून येथील रस्ते सरळ आणि रुंद आहेत. त्यातच मंचेरजी एदलजी जोशी या पारशी इंजिनिअरने ट्रस्टच्या अधिकाऱ्यांकडे खटपट करून मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. भाडेपट्टा ९९९ वर्षांचा. इमारती दोन मजल्यांहून उंच बांधायच्या नाहीत, असा नियम. एवढेच नव्हे, कोणत्या रस्त्यावर कोणते झाड लावायचे हेसुद्धा या गृहस्थांनी ठरवून दिले होते. जाम-ए-जमशेद रोडवर अशोक, तर फिरदौसी रोडवर महोगनी. आजही त्या रस्त्याने चाललात तर भर दुपारी डोक्यावर सावली असते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला तर या पाट्या वाचूनच बरे वाटते. शाहनामा लिहिणारा फिरदौसी आणि जमशेदचा प्याला, दोघेही वडाळ्याच्या शेजारी येऊन बसले आहेत!

या वसाहतीची आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. मुंबईतल्या इतर पारशी बागांना भिंत आणि फाटक असते, या कॉलनीला नाही. रस्ता सर्वांचा आहे. घरे त्यांची, पण सावली तुमचीआमची. शंभर वर्षांनंतर लोक जे पाहायला येतात ते हेच. संगमरवरी महाल तेथे एकही नाही. साध्या माणसांनी नियम पाळून राखलेली गल्ली आहे, इतकेच.

गिरगावातल्या खोताच्या वाडीची गोष्ट जरा वेगळी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाने ही वाडी ओळखली जाते. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी तेथे लाकडी घरे बांधली. पुढे ओटा, बाहेरून जिना, उतरते कौलारू छप्पर. एके काळी अशी ६५ घरे होती, आता तिशीच्याही आत आली आहेत. बाकीच्या जागी उंच इमारती झाल्या. उरलेल्यांपैकी काहींनी घर टिकवण्यासाठी दरवाजा उघडला. कपड्यांचे प्रसिद्ध डिझायनर जेम्स फरेरा यांनी आपले वडिलोपार्जित घर पाहुण्यांना राहायला आणि पाहायला खुले केले. अलीकडे तेथील आणखी एका जुन्या घरात कलावस्तू आणि हस्तकलेचे दालन निघाले. म्हणजे घर पाडून मजले चढवण्याऐवजी घराचे रूप हेच भांडवल झाले. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्याची किंमतही आहे. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी ओट्यावर येऊन फोटो काढतो, लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात, आणि म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या दारात शांतपणे बसता येत नाही. रहिवाशांची ही तक्रार खरी आहे.

आता अहमदाबादला जाऊ, कारण कापडवाल्याला अहमदाबादशिवाय गोष्ट पुरी होत नाही. तेथील महापालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी जुन्या शहरातून पायी फेरी सुरू केली. सकाळी कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघायचे, पोळांच्या बोळांतून, लाकडी हवेल्या आणि पक्ष्यांना दाणे घालण्याचे चबुतरे पाहत जायचे, आणि सुलतान अहमदशहाने बांधलेल्या, १४२४ सालच्या जामा मशिदीपाशी थांबायचे. मंदिरापासून मशिदीपर्यंत. दिवाळी असो, ईद असो, ही फेरी लोकांच्या अंगवळणी पडली. वीस वर्षांनी, २०१७ साली, युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवले. भारतातले ते पहिलेच. एका फेरीने हे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण घरात राहणाऱ्यांनाच आपल्या घराची किंमत कळायला तिचा उपयोग झाला, हे नक्की.

आमचे लक्ष मात्र दुसरीकडे आहे. फेरी जेथे संपते तेथून चार पावलांवर माणेकचौक. अहमदशहाची कबर, आणि राण्यांच्या कबरींचा तो राणीचा हजिरा. त्या हजिऱ्याभोवती कापडाची, घागरा-चोळीची, आरशाच्या कामाची दुकाने लागलेली आहेत. पाहुण्याला इतिहास ऐकून झालेला असतो, पाय दुखत असतात, खिशात पैसे असतात आणि समोर माल असतो. याहून चांगले गिऱ्हाईक आम्हाला तरी ठाऊक नाही. फेरी कोठून सुरू करायची हे इतिहासकाराने ठरवावे, पण कोठे संपवायची हे ठरवताना बाजारवाल्याला विचारावे.

आपल्या मोहल्ल्यांत हे जमेल का? पहिला प्रश्न घराचाच येतो. आपल्याकडे अनोळखी माणसाला एकदम घरात घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या घरात इजाजत मागितल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, अशी कुरआनची सूरह नूरमध्ये स्पष्ट ताकीद आहे. म्हणून आमचे मत असे की घर दाखवण्याचा हट्ट नको. बैठकीची खोली दाखवता येते, अंगण दाखवता येते, आणि सर्वात उत्तम म्हणजे कारखाना दाखवावा. जरीचा अड्डा, त्यावर ताणलेले कापड आणि आरीने भरलेला एक बूट. दर्ग्याच्या चादरीला गोटा लावणारे हात. लाकडावर नक्षी कोरणारा मिस्त्री. हाताने पाट्या रंगवणारा पेंटर. हे पाहायला लोक पैसे देतील. कारागिराच्या कामाला दिवसाला किती तास लागतात हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो भाव करताना जरा कमी ओढतो, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

जुन्या घरांच्या दुरुस्तीतही कारागिरांचा रोजगार आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. चुन्याचा गिलावा करणारा, सागवानी खिडकी जोडणारा, बिडाचे कठडे ओतणारा असे लोक आज शोधावे लागतात. नक्षीच्या फरशीचेच बघा. भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ साली मुंबईत निघाली. पुढे मोझाइक आणि गुळगुळीत लाद्यांच्या काळात जुनी नक्षीची फरशी मागे पडली. वारसा इमारतींची दुरुस्ती सुरू झाली तशी तिला पुन्हा मागणी आली. ज्याच्या हातात हुनर होते त्याला काम मिळाले.

गल्ली रंगवण्याबद्दल मात्र आम्हाला सावधपणे लिहावेसे वाटते. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील वस्ती २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रंगवली, आणि मेट्रोतून जाणाऱ्यांना ती चित्रासारखी दिसू लागली. लोकांनी कौतुक केले, आम्हीही केले. पण त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आपल्या भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. जुनी भिंत ही फक्त चित्र काढायची जागा नसते, तिच्या आत माणसे राहतात. मुंबईत १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या हजारो उपकरप्राप्त इमारती आहेत. भाडी १९४७ च्या कायद्याने गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, पागडीचा भाडेकरू जागा सोडेना, आणि तुळया कुजत राहिल्या. अशा इमारतीला बाहेरून गुलाबी रंग देणे म्हणजे कुजलेल्या थानाची वरची घडी तेवढी चांगली ठेवण्यासारखे आहे. आधी इंजिनिअरकडून तपासणी, मग गळती, मग ड्रेनेजचे पाइप आणि सर्वात शेवटी रंग. जी इमारत राहण्याजोगी नाही ती पाडून नवी बांधली पाहिजे, तेथे वारशाचे नाव पुढे करू नये. शिवाजी पार्क आणि दादरच्या वसाहती वारसा यादीत घेण्याचा प्रस्ताव २०१२ साली आला तेव्हा अनेक रहिवाशांनी विरोध केला. त्यामागे हीच भीती होती: यादीत नाव लागले की पुनर्विकास अडेल. तिला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. ज्याच्या डोक्यावर छत गळते त्याला विचारून पाहावे.

दुकानदारांसाठी सर्वात चांगला धडा फोर्टमधल्या दादाभाई नवरोजी रोडवर आहे. मुंबईत १९९५ साली वारसा नियम लागू झाले. त्यानंतर काही वर्षांनी वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यावरील दुकानांच्या पाट्यांसाठी नियमावली तयार केली. कमानीवर आडवी, भडक, दहा फुटी पाटी नको. पाटी कमानीच्या आत, बेताच्या आकाराची बसवायची. काम सरकारी दंडुक्याने झाले नाही. दुकानदार आणि तेथील कचेऱ्यांच्या लोकांनी पुढे हेरिटेज माइल असोसिएशन स्थापन करून ते हातात घेतले. झाकलेल्या कमानी उघड्या पडल्या आणि रस्ता रस्त्यासारखा दिसू लागला. आपल्याकडे पाटी जेवढी मोठी तेवढा धंदा मोठा अशी समजूत आहे. पण सगळ्यांच्याच पाट्या मोठ्या झाल्या की कोणाचीच वाचली जात नाही. या कामाला खर्च फारसा नाही. शिवाय हाताने पाट्या लिहिणाऱ्या आपल्याच पेंटरला काम मिळते, जे फ्लेक्सच्या छपाईने काढून घेतले.

आता हिशेब. समजा २० जणांची फेरी आहे आणि माणशी ३०० रुपये घेतले. जमा ६,००० रुपये. माहिती सांगणाऱ्याला १,५००, तीन कारखान्यांना प्रत्येकी ५०० म्हणजे १,५००, आणि चहा-नाश्त्याचे माणशी ६० प्रमाणे १,२००. उरले १,८००. महिन्यात दोन फेऱ्या आणि पावसाळा सोडून आठ महिने धरले तर वर्षाला २८,८०० रुपये गल्लीच्या निधीत पडतात. यात इमारत दुरुस्त होत नाही. झाडांची आळी, दोन बाक, कचऱ्याचे डबे, मशिदीच्या आणि शाळेच्या कोपऱ्यावर चांगला दिवा, एवढे होते. इंग्लंडात १९२७ साली लोकांनी आपल्या घरच्या बागा एक शिलिंग घेऊन दाखवायला सुरुवात केली. तो पैसा घरोघर जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी होता, आणि ती प्रथा आजही चालू आहे. लहान रक्कम नेमाने जमा झाली तर तिला बरकत येते. तिकिटावर श्रीमंत होण्याचे स्वप्न मात्र कोणी पाहू नये. व्यापाऱ्याची कमाई फेरी संपल्यावर जे विकले जाते त्यात आहे.

वडाळ्यात अशी फेरी आखता येईल. पूर्वेला अँटॉप हिलजवळ हजरत शेख मिस्री यांचा दर्गा, त्याच्या वाटेवर फुले आणि चादरी विकणारे. तेथून रेल्वे ओलांडून पश्चिमेला कात्रक रोडवरचे विठ्ठल मंदिर. मिठागरांच्या काळात मिठाच्या व्यापाऱ्यांना ती मूर्ती सापडली असे जुने लोक सांगतात, म्हणजे तेथेही आमच्यासारखाच एखादा धंदेवाला होता! पुढे पाच बगीचे, त्यांच्या बाजूला व्हीजेटीआय, जेथे मुंबईच्या गिरण्यांसाठी कापडाचे तंत्रज्ञ घडले, आणि मग फिरदौसी रोडची सावली. मिठापासून कापडापर्यंत मुंबईचा सारा व्यापार या वाटेवर येऊन जातो. शेवट वडाळ्याच्या बाजारात.

काम सुरू करणाऱ्यांनी आधी रस्ता झाडावा. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे असे हदीसमध्ये आले आहे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. महापालिकेची ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट योजना १९९७ सालची आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचऱ्यापासून सुरुवात केली, त्यावरून ती निघाली. अशी रहिवासी समिती करायची असेल तर एफ उत्तर विभाग कार्यालयात चौकशी करावी. झाडांना खिळे ठोकू नयेत, फांदी तोडायची तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी, आणि बुंध्याभोवती सिमेंट भरू नये. पहिली फेरी शाळेतल्या मुलांची काढावी, त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत. आषाढी एकादशीच्या आसपास कात्रक रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसात ना रंग टिकतो ना पाहुणा. ऑक्टोबर उजाडला की जरीवाल्यांना आणि पेंटरला एकत्र बसवून वाट आखावी.