पाचोळ्याला मिळतात चारच महिने

मार्चमध्ये रावेरहून पालच्या वाटेला लागलं की सागाखाली पाऊल टाकताच चुरचुर सुरू होते. यावल अभयारण्यातलं हे जंगल कोरडं, पानझडी. शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवतीही तेच. थंडीत गळायला लागलेलं पान पावसाळ्यापर्यंत बरंचसं जसंच्या तसं पडून राहतं. मे महिन्यात जळगावचा पारा 45 वर चढतो, पण नुसत्या उष्णतेनं पान कुजत नाही. बुरशी आणि जिवाणूंना ओल लागते, अन् ती इथे जून ते सप्टेंबर एवढीच.

कोरड्या दिवसांत काम चालू ठेवते ती वाळवी. शेतकरी तिला शिव्या घालतो, जंगलात मात्र तिच्यावाचून चालत नाही. ती पानावर मातीचा पातळ लेप चढवते आणि त्याआड बसून ते कुरतडते. तिच्या काही जाती वारुळात बुरशीची बाग राखतात. पानातलं चिवट लिग्निन वाळवीला पचत नाही. ते ही बुरशी फोडते. पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात त्या याच बुरशीच्या.

पहिल्या पावसात पानातली साखर आणि पोटॅश धुऊन मातीत उतरतात. तहानलेले जीवाणू एकदम जागे होतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुटतो. एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये यावर लिहिलं, त्यांच्या नावावरून शास्त्रज्ञ त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात.

नत्राचा हिशेब जरा उलटा आहे. पान गाळण्याआधी साग त्यातला बराच नत्र फांदीत ओढून घेतो. उरलेल्या पानात कार्बन भरपूर, नत्र तुटपुंजा. मग बुरशी मातीतलाच नत्र उचलते आणि कुजणं पुढे सरकल्यावरच तो परत सोडते. कच्चं शेणखत टाकलेल्या शेतात पीक पिवळं पडतं, त्यामागेही बहुधा हेच असतं.

वणवा लागला की हे सगळंच खुंटतं. मोहाची फुलं वेचणं सोपं जावं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पाचोळा पेटवला जातो. पानातला बहुतेक नत्र धुरावाटे हवेत जातो. पोटॅश आणि चुना राखेत उरतात खरे, पण उघड्या उतारावरची राख पहिल्याच जोरदार सरीत ओढ्याला लागते. खाली रावेर-यावलच्या केळीबागांत नत्राची पोती विकत आणून टाकतात, ते वेगळंच. मोहाखालची जागा झाडून घेतली किंवा खाली जुनी साडी अंथरली तरी फुलं वेचता येतात. त्यासाठी डोंगर पेटवावा लागत नाही.